आरपीजी ॲडव्हेंचरची पानं कशी मांडायची: चित्रं, नकाशे आणि लेआउट, कोऱ्या कागदापासून प्रेसपर्यंत

टेबलटॉप आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत, एकेक पात्र होऊन खेळायचा गोष्टीचा खेळ, आणि ॲडव्हेंचर म्हणजे त्यात खेळायची लिहून ठेवलेली गोष्ट. अशी ॲडव्हेंचर लिहिणारे आता आपल्याकडे बरेच झालेत, पण लिहून झालेली वर्ड फाइल दोन कॉलममध्ये ओतायची, मागे जुन्या कागदाचं टेक्स्चर टाकायचं आणि रिकामी राहिलेली जागा चित्रांनी भरायची, एवढ्यालाच लेआउट म्हणायची सवय अजून जात नाही. ॲडव्हेंचर सलग कुणी वाचत नाही. समोर चार खेळाडू बसलेत, एक फासे शोधतोय, दुसरा विचारतोय की त्या कोनाड्यात काय आहे, आणि गेममास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, दोन-चार सेकंदांत उत्तर सापडायला पाहिजे. त्या दोन-चार सेकंदांसाठी पान बनवायचं असतं. म्हणून माझं ठाम म्हणणं असं की पानं आधी आखायची, चित्रं काय लागणार ते आधी ठरवायचं आणि मजकूर त्या जागेत बसेल असा लिहायचा, उलटं करायचं नाही.

सगळं एकाच उदाहरणावर दाखवतो म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. उजनी धरणाचं पाणी उन्हाळ्यात खूप खाली गेलं की इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ बाहेर येतं, लोक बघायला जातात, तुम्हीही फोटो पाहिले असतील. त्यावरून सुचलेलं हे छोटं ॲडव्हेंचर, नाव 'उतरतं पाणी'. सांगवण नावाचं काल्पनिक गाव धरणात गेलंय, वैशाखात वर आलंय, आणि पाऊस पडला की परत बुडणार आहे. एक-दोन बैठकीत संपेल एवढा जीव, ए५ आकार, आतली २४ पानं आणि वर कव्हर.

पहिलं काम: कागद दुमडून डमी करा

सॉफ्टवेअर उघडू नका अजून. ए४ चे सहा कोरे कागद घ्या, एकात एक घालून मधोमध दुमडा, झाली २४ पानांची ए५ वही. मधे पिना मारलेल्या पुस्तकाची पानं नेहमी ४ च्या पटीत येतात कारण एका कागदाची चार पानं होतात, त्यामुळे २२ किंवा २६ पानांचं पुस्तक प्रेसवाला करूच शकत नाही, दोन पानं कोरी जातात किंवा दोन पानांचा मजकूर कापावा लागतो, आणि हे शेवटच्या आठवड्यात कळलं तर फार त्रास होतो.

आता पेन्सिलीने पानांवर नंबर टाका आणि वही उघडी धरून बघा. गेममास्टरला एका वेळी एक पान दिसत नाही, समोरासमोरची दोन पानं दिसतात, म्हणजे स्प्रेड. एक जागा म्हणजे एक स्प्रेड, हा नियम मी सहसा मोडत नाही. खेळाडू वाड्यात असताना पान उलटायची वेळच येऊ नये. 'उतरतं पाणी'चा आराखडा असा: पान १ वर नाव आणि श्रेय, २-३ वर सगळी परिस्थिती एका नजरेत, म्हणजे काय घडलंय, कुणाला काय हवंय, पाणी कधी चढणार. ४-५ वर नवं गाव, तिथली माणसं आणि अफवा. मग ६ ते ११ मध्ये तीन जागा, वेस, चावडी आणि वाडा. १२-१३ वर नकाशा. १४ ते १९ मध्ये उरलेल्या तीन, बारव, देऊळ, वीरगळांचा माळ. २०-२१ वर एनपीसी, म्हणजे गेममास्टरने चालवायची पात्रं, आणि त्यांचे आकडे, २२-२३ वर हँडआउट, म्हणजे खेळाडूंच्या हातात द्यायचे कागद, २४ वर रिकाम्या ओळी, गेममास्टरला टिपणं लिहायला.

नकाशा १२-१३ वरच का, तर २४ पानांच्या वहीत मधला कागद तोच असतो, ती दोन पानं म्हणजे एकच अखंड कागद. बाकी कुठल्याही स्प्रेडवर डावं आणि उजवं पान वेगवेगळ्या कागदांवर छापलं जातं आणि जोडात एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच, नकाशातली नदी मधेच तुटते. शिवाय मधलं पान आपोआप उघडतं, शोधावं लागत नाही. आणि कव्हरच्या आतल्या दोन बाजू कोऱ्या सोडू नका, पुस्तकात सगळ्यात पटकन सापडणारी जागा तीच. पुढच्या कव्हरच्या आत छोटा नकाशा टाका ज्यावर प्रत्येक जागेशेजारी पान नंबर असेल, मागच्या कव्हरच्या आत रँडम टेबलं, म्हणजे फासे टाकून निवडायच्या याद्या. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ काढणाऱ्या टीएसआर कंपनीच्या सुरुवातीच्या मॉड्यूल्समध्ये, म्हणजे छापील ॲडव्हेंचरांमध्ये, तर कव्हर सुटंच असायचं, आतल्या बाजूला निळ्या शाईत नकाशा, आणि गेममास्टर तेच कव्हर पडद्यासारखं उभं करून त्यामागे बसायचा. अजूनही ही कल्पना घेण्यासारखी आहे.

ग्रिड आणि मजकुराची जागा

ए५ म्हणजे १४८ × २१० मिमी. आतला समास १८, बाहेरचा १४, वर १४, खाली १८ ठेवला तर मजकुराला ११६ × १७८ मिमी मिळतात. आतला समास कमी करू नका, पिनांजवळचा मजकूर वाचायला पुस्तक ताणून धरावं लागतं आणि टेबलावर एका हातात फासे असतात. ए५ वर दोन कॉलम करायचा मोह होतो कारण इंग्रजी पुस्तकांत तसं दिसतं, पण ती पुस्तकं मोठ्या आकाराची असतात. साडेपाच सेंटीमीटरच्या कॉलममध्ये 'गावकऱ्यांच्यासमोर' सारखा एक शब्द आला की अर्धी ओळ खातो. ए५ ला एकच कॉलम, ए४ ला दोन.

देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार लागतात, म्हणून दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा. १० पॉइंटचा मजकूर असेल तर १५ पॉइंटचं अंतर. म्हणजे १७८ मिमीत ३३ ओळी बसतात. एका ओळीत साधारण १० शब्द धरले, फॉन्टप्रमाणे कमीजास्त होतील, तर गच्च भरलेल्या पानावर सव्वातीनशेच्या आसपास. मथळे, मोकळ्या ओळी वजा जाता २२०-२३० उरतात. ज्या स्प्रेडवर अर्ध्या पानाचं चित्र आहे तिथे दोन पानं मिळून साडेतीनशे शब्दांच्या आत जागा लिहायची. हा आकडा लिहायच्या आधी हातात असला की लिखाणाला शिस्त लागते, वाड्याचा तीन पिढ्यांचा इतिहास आपोआप गळून पडतो आणि खेळाडू ज्याला हात लावू शकतात तेवढंच उरतं.

एक जागा कशी मांडायची

हा या सगळ्यातला गाभा आहे. बारवेचं वर्णन लोक असं लिहितात: 'ही बारव फार पूर्वी बांधली गेली असून तिला चारही बाजूंनी पायऱ्या आहेत, पूर्वी गावातल्या स्त्रिया येथे पाणी भरण्यास येत असत, उत्तरेकडील कोनाड्यात एके काळी देवीची मूर्ती होती जी आता नाही, मात्र तेथे कुंकू दिसते, तसेच तिसऱ्या टप्प्याखाली गाळ असल्याने...' वाचायला छान आहे पण गाळाची गोष्ट सातव्या ओळीत आहे आणि खेळाडू तोपर्यंत पळत खाली उतरलेला असतो. तीच बारव पानावर अशी आली पाहिजे:

बारव
चार बाजूंनी पायऱ्या. खाली हिरवं पाणी. शेवाळाचा कुबट वास.

पायऱ्या: निसरड्या. तिसऱ्या टप्प्याखाली गाळ, पळत उतरणारा अडकतो.
उत्तरेचा कोनाडा: मूर्ती नाही, कुंकू मात्र ताजं. काल रात्री पारूआत्या येऊन गेली, पान ५.
पाणी: दोन पुरुष खोल. तळाशी पितळी हंडा, तोंड लाखेने बंद.
पाणी चढलं की: कोनाडा बुडतो, हंडा सुटून वर येतो.

आधी ते जे आत शिरताच दिसतं-ऐकू येतं-वास येतो, तीन छोटी वाक्यं, गेममास्टर ती वाचूनही दाखवू शकतो. मग ठळक अक्षरात त्या वस्तू ज्यांचा पहिल्या तीन वाक्यांत उल्लेख झालाय किंवा ज्यांच्याबद्दल खेळाडू विचारणारच, आणि प्रत्येकीपुढे काय होतं ते. धोका नेहमी त्या ओळीच्या सुरुवातीलाच. दुसरीकडचा संदर्भ आला की पान नंबर लगेच तिथेच, 'पुढे पाहा' असं लिहून कुणाचं भलं होत नाही. आणि 'पाणी चढलं की' ही ओळ सहाही जागांच्या अगदी तळाला, त्याच जागी, त्याच रंगात. नजरेला एकदा सवय झाली की गेममास्टर न वाचता तिथे पोचतो. सगळ्या स्प्रेडवर मांडणी सारखी ठेवणं कंटाळवाणं वाटतं बनवताना, वापरताना तीच मोठी सोय असते. वाचून दाखवायचा मजकूर चौकटीत टाकायची पद्धत आहे, टाका, पण चार ओळींवर जाऊ देऊ नका, त्यापुढे खेळाडू मोबाइल बघायला लागतात.

फॉन्ट, आणि देवनागरीच्या आपल्या अडचणी

इंग्रजी लेआउटचे सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. इंग्रजीत मथळा कॅपिटलमध्ये टाकला की झालं, आपल्याकडे कॅपिटल नाहीत, तेव्हा वजन, आकार आणि रंग या तिघांवरच काम भागवायचं. इंग्रजीत अक्षरांमधलं अंतर वाढवून मथळा ऐसपैस करतात, देवनागरीत ते केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द सांडल्यासारखा दिसतो, त्यामुळे हे अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, शून्य. इटालिक आपल्या लिपीचं नाही, सॉफ्टवेअर नुसतं अक्षर तिरकं ढकलतं, ते टाळा, जिथे इटालिक लागलं असतं तिथे दुसरा फॉन्ट वापरा. दोन्ही बाजूंनी सरळ केलेला मजकूरही नको, लांब जोडशब्द आणि शब्द तोडायची धड सोय नाही, यामुळे ओळीत मोठमोठी भोकं पडतात. डावीकडे सरळ, उजवीकडे मोकळं.

फॉन्ट फुकट आणि चांगले भरपूर आहेत, ओपन फॉन्ट लायसन्सवाले, म्हणजे विकायच्या पुस्तकातही बिनधास्त वापरा. मजकुराला 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा मुक्ता घ्या, सात वजनं आहेत, लहान आकारात स्वच्छ दिसतो, आकड्यांच्या टेबलांनाही चालतो. जुन्या छापील पुस्तकाचा बाज हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी, फक्त त्यात ठळक वजन नाही, तेव्हा वस्तूंची नावं मुक्तामध्ये घ्यावी लागतील. मथळ्याला यात्रा वन बघा, मुंबईच्या लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलाय, त्यात एक आपलेपणा आहे. हस्तलिखित चिठ्ठीला कलम. एका पुस्तकात दोन, फार तर तीन फॉन्ट.

फॉन्ट पक्का करण्याआधी ही ओळ टाइप करून बघा: दुसऱ्या, ऱ्हास, लाल शिंपले, शस्त्र, कर्तृत्व, ड्रॅगन, ऑर्क, ३५७. मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत, बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही असतात पण मजकुराची भाषा मराठी म्हणून सेट केली तरच आपली दिसतात. ऱ्या मधला अर्धा र तुटत असेल किंवा ॲ, ऑ चा चंद्र घसरत असेल तर तो फॉन्ट सोडून द्या.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू केल्याशिवाय जोडाक्षरं फुटतात, ती सेटिंग पहिल्या मिनिटाला करा. पैसे घालायचे नसतील तर स्क्रायबस, १.६ आवृत्ती घ्या, जुनी १.४ देवनागरी नीट जोडत नाही. आणि सगळं युनिकोडमध्येच ठेवा. डीटीपीवाले अजूनही जुन्या एन्कोडिंगच्या फॉन्टमध्ये मजकूर मागतात, तो छापून छान येतो पण त्याच्या पीडीएफमध्ये 'बारव' शोधलं तर काही सापडत नाही, आणि निम्मे गेममास्टर आता लॅपटॉपवर शोधूनच खेळतात.

नकाशा

नकाशा सुंदर असण्याआधी त्याला बोलता आलं पाहिजे. नुसते १ ते ६ आकडे टाकून शेजारी यादी देऊ नका, नकाशावरच 'बारव, १४' असं लिहा, नाव आणि पान. जागा असेल तर दोन-तीन शब्द आणखी: 'वाडा, १०, छत खचलेलं'. गेममास्टरला निम्म्या वेळा पान उलटायचीच गरज पडणार नाही.

आमच्या ॲडव्हेंचरमध्ये पाणी हलतं, म्हणून नकाशात पाण्याच्या तीन रेषा आहेत: आज, पहिला पाऊस, आणि धरण भरल्यावर. पूर्ण पुस्तक काळ्या शाईत आणि निळा रंग फक्त पाण्यासाठी, दुसऱ्या कशालाही निळा नाही, जागांच्या स्प्रेडवरची 'पाणी चढलं की' ओळही त्याच निळ्यात. रंग असा एका अर्थाला बांधला की समजावून सांगावं लागत नाही. रेषांमध्ये फरक फक्त रंगाच्या छटेने करू नका, एक अखंड, एक तुटक, एक ठिपक्यांची, कारण पुष्कळ लोक घरच्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर काढतात. झेरॉक्स काढून बघणं ही नकाशाची सगळ्यात खरी परीक्षा.

काढायचा कसा? ग्राफ पेपरवर पेन्सिल, वर ट्रेसिंग पेपर ठेवून शाईचं पेन, ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, स्कॅन. किंवा सरळ इंकस्केप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये. कसाही काढा पण थर वेगळे ठेवा: जमीन आणि भिंती, पाणी, नावं, गुपितं. हे एकदा केलं की गुपितांचा आणि नावांचा थर बंद करून खेळाडूंचा नकाशा फुकटात मिळतो. ऑनलाइन खेळणाऱ्यांसाठी चौकोनांचा नकाशा देणार असाल तर रोल ट्वेंटीमध्ये मूळ चौकोन ७० पिक्सेलचा आणि फाउंड्रीमध्ये १०० चा असतो, १४० पिक्सेलला चौकोन ठेवून निर्यात केलं तर बहुतेकांचं भागतं.

चित्रं कुठली, आणि कशासाठी

चित्रांची यादी करताना प्रत्येकापुढे लिहा की हे टेबलावर काय काम करणार. काम सांगता येत नसेल तर ते चित्र काढून टाका आणि ते पैसे दुसऱ्या चित्राला द्या. मला कामाची वाटतात ती अशी: जागा पहिल्यांदा दिसते तेव्हा खेळाडूंसमोर धरायचं चित्र, ज्या एनपीसीशी बोलणं होणार त्यांचे चेहरे, आणि हातात देता येईल अशी वस्तू. तलवार उगारलेला वीर आणि मागे वीज, असली चित्रं कव्हरला ठीक, आत ती जागाच खातात, खेळाडूंची पात्रं तशी दिसतही नाहीत.

खेळाडूंना दाखवायच्या चित्रांची कल्पना जुनी आहे. १९७८ साली टीएसआरने छापलेल्या 'टूम ऑफ हॉरर्स' या मॉड्यूलसोबत खास खेळाडूंना दाखवायची चित्रांची वेगळी पुस्तिकाच होती, त्या त्या खोलीत पोचले की गेममास्टर चित्र समोर धरायचा आणि खेळाडू त्यात धोका शोधत बसायचे. यातून घ्यायचं ते हे की चित्रात माहिती असली पाहिजे, जी मजकुरातून वाचून दाखवलेली नाही. आणि हो, असं चित्र ज्या पानावर आहे त्या पानावर गुपितं छापलेली असतील तर दाखवणार कसं? म्हणून दाखवायची चित्रं हँडआउटच्या पानांवर किंवा पीडीएफसोबत सुट्या फाइल म्हणून पण द्या.

चित्रकाराला ब्रीफ देताना 'एक गूढ बारव' असं लिहून पाठवू नका. बारवेचं माझं ब्रीफ असं होईल:

'पाहणारा सगळ्यात वरच्या पायरीवर उभा राहून खाली बघतोय. टळटळीत दुपार, ऊन डोक्यावर, सावल्या पायरीलगत. डाव्या बाजूच्या पायऱ्यांवर ओली पावलं, पाण्यातून वर येणारी. खाली जाणारी पावलं कुठेच नाहीत. पाणी दिसतं, तळ दिसत नाही. हंडा दाखवू नका. दगडांवर पांढरट चुन्याचे डाग, सुकलेले शिंपले, वाळून तडकलेला गाळ. फक्त काळी शाई, करड्या छटा नकोत, सावल्या रेषांनी. आकार ११६ × ८५ मिमी, ६०० डीपीआय. सोबत बारवांचे सहा फोटो जोडलेत.'

बघा, यात पाहणारा कुठे आहे, उजेड कसा, सुगावा कुठला, आणि काय दाखवायचं नाही हे सगळं आलं. 'काय दाखवायचं नाही' ही ओळ लोक विसरतात आणि मग चित्रकार बिचारा मेहनतीने तळाशी हंडा काढतो, सगळं रहस्य पहिल्या नजरेत उघड. फोटो तर द्यायलाच पाहिजेत. इंटरनेटवर भारतीय देऊळ, भारतीय गाव म्हणून जे सापडतं त्यात राजस्थानी झरोके आणि उत्तरेकडची शिखरं येतात, सांगवणला लागतो तो काळा बेसॉल्ट, चुन्याशिवाय एकावर एक बसवलेले दगड, दीपमाळ, पडक्या वाड्याच्या पांढऱ्या मातीच्या भिंती. चित्रकार सोलापूरचा असो की साओ पाउलोचा, फोटो पाठवा.

काम तीन टप्प्यांत मागवा: काडेपेटीएवढी दोन-तीन कच्ची रेखाटनं, मग एकाचं मोठं पेन्सिल रफ, मग शाई. बदल सांगायचे ते रफवर, शाई झाल्यावर 'जरा वरून बघितलेलं पाहिजे होतं' म्हणणं हा चित्रकारावर अन्याय आहे. कव्हरचं रेखाटन आलं की मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा, ऑनलाइन दुकानात ते तेवढंच दिसणार आहे. पूर्ण पानभर चित्र असेल तर चारही बाजूंनी ३ मिमी जास्तीचं मागा, ज्याला ब्लीड म्हणतात, म्हणजे ए५ साठी १५४ × २१६ मिमी, ३०० डीपीआयला १८१९ × २५५१ पिक्सेल.

कराराबद्दल एक गोष्ट महत्त्वाची आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क लिहून देताना मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो. तुमची पीडीएफ परदेशात विकली जाणार असेल तर एक पानी करारात मुदत, 'जगभर', छापील आणि डिजिटल दोन्ही, आणि चित्रकाराला स्वतःच्या पोर्टफोलिओत दाखवायची मुभा, एवढं स्पष्ट लिहा. निम्मे पैसे आधी द्या.

बजेट नसेल तर सहा बरी चित्रं घेण्यापेक्षा दोन उत्तम घ्या आणि बाकी जागा मोकळी सोडा, मोकळी जागा वाईट दिसत नाही. कॉपीराइट संपलेली जुनी चित्रंही आहेत, न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७ पासून लाखो फोटो कुठल्याही वापराला खुले केलेत, आणि आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. पण पाच वेगवेगळ्या हातांची चित्रं एकत्र आली की पुस्तक विस्कटतं, तेव्हा सगळी एकाच रंगात आणि एकाच कॉन्ट्रास्टवर आणून वापरा.

हँडआउट

यावर जीव ओतावा असं मला मनापासून वाटतं कारण पुस्तकाचा एवढाच भाग खेळाडूंच्या हातात जातो. सांगवणच्या माळावरचा वीरगळ हे आमचं मुख्य हँडआउट. वीरगळ खालून वर वाचायचा असतो, तळाच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला घेऊन जातायत, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. आमच्या दगडावर मधली चौकट छिन्नीने खरवडलेली आहे, म्हणजे कुणाला तरी हा माणूस वर जायला नको होता. हे कुठेही शब्दांत लिहिलेलं नाही, दगडाकडे नीट बघणाऱ्याला कळतं, आणि वीरगळ कसा वाचायचा हे ४-५ पानांवरचा गुरव सांगू शकतो.

दुसरं, कुलकर्ण्याच्या दप्तरातला मोडी कागद. मोडी २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे आणि नोटोचा मोडी फॉन्टही फुकट मिळतो. एका पानावर मोडी, आणि बाळबोध त्याच्या मागच्या बाजूला न टाकता वेगळ्या पानावर, म्हणजे ज्याचं पात्र मोडी वाचू शकतं त्यालाच दुसरा कागद द्यायचा. मागे-पुढे छापलंत तर उजेडात धरून सगळेच वाचतील. जुनाट कागदाचं टेक्स्चर फाइलमध्ये टाकू नका, घरच्या प्रिंटरची शाई संपते आणि अक्षर दिसत नाही. पांढऱ्यावर काळं द्या, ज्याला हौस आहे तो कागद चहाच्या पाण्यात बुडवेल.

जुळवणी, चाचणी, प्रेस

फाइल बांधताना प्रत्येक गोष्टीची पॅराग्राफ स्टाइल करा: जागेचं नाव, वर्णन, वस्तू, पाण्याची ओळ, स्टॅट ब्लॉक (प्राण्याचे किंवा पात्राचे खेळातले आकडे). हाताने ठळक-मोठं करत बसलात तर आकार बदलायला २४ पानं फिरावी लागतील. स्टॅट ब्लॉक दोन-तीन ओळींत आटपा आणि जिथे तो प्राणी भेटतो तिथेच छापा, मागच्या पानावर पुन्हा आला तरी चालेल. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे नियम वापरत असाल तर एसआरडी ५.१, म्हणजे त्या नियमांचा इतरांना वापरायला दिलेला भाग, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेय-द्या लायसन्सवर आहे, त्यांनी दिलेलं श्रेयाचं वाक्य पान १ वर जसंच्या तसं टाका.

मग साध्या कागदावर प्रिंट काढून पिना मारा आणि ज्याने हे ॲडव्हेंचर वाचलेलं नाही अशा दुसऱ्या गेममास्टरला चालवायला द्या. तुम्ही बाजूला बसा, बोलू नका, फक्त बघा तो कुठे पानं चाळतोय. जिथे चाळतो तिथे पान नंबर कमी आहे. जिथे बोट ठेवून परत परत वाचतो तिथे वाक्य लांब आहे. जिथे स्वतःच्या मनाने उत्तर देतो तिथली ओळ त्याला दिसलीच नाही, ती वर सरकवा. खोलीतला पिवळा दिवा तसाच राहू द्या, खेळ तशाच उजेडात चालतो आणि ८ पॉइंटची टेबलं त्यात वाचता येत नाहीत.

प्रेसला देताना काळा मजकूर फक्त काळ्या शाईत, चार रंगांच्या मिश्रणात नाही, नाहीतर अक्षरांच्या कडेला रंगीत सावली दिसते. तसंच पाण्याच्या बारीक निळ्या रेषा शुद्ध सायनमध्ये घ्या, दोन शायांचं मिश्रण बारीक रेषेवर नीट जुळत नाही. ड्राइव्हथ्रू आरपीजी या ऑनलाइन दुकानावरून प्रिंट ऑन डिमांड, म्हणजे ऑर्डर येईल तशी छपाई, करणार असाल तर तिथे चारही शायांची बेरीज २४० टक्क्यांच्या आत आणि पीडीएफ-एक्स या छपाईसाठीच्या प्रकारची फाइल लागते, गडद कव्हर असेल तर हे आधीच तपासा. इथल्या प्रेसमध्ये छापताना आत १०० जीएसएमचा मॅपलिथो कागद बरा, पेन्सिलीने लिहिता येतं आणि दिव्याखाली चकाकत नाही, कव्हरला २५० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. कव्हरची आतली बाजू मात्र लॅमिनेशनशिवाय ठेवायला सांगा, टेबलांवर खुणा करता आल्या पाहिजेत. सगळा लॉट टाकायच्या आधी एक प्रत काढून घ्या, ती ऱ्या आणि ॲ साठी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघा, मधलं पान उघडून नकाशातली नदी सलग जाते का ते बघा.

विकायच्या पीडीएफची फाइल प्रेसच्या फाइलपेक्षा वेगळी करा, ब्लीड आणि कापायच्या खुणा नकोत, चित्रं १५० डीपीआय पुरतात. प्रत्येक जागेला बुकमार्क आणि मजकुरातला प्रत्येक पान नंबर दाबला की त्या पानावर गेला पाहिजे. सोबत खेळाडूंचा नकाशा, हँडआउट आणि दाखवायची चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये, फाइलच्या नावात गुपित नको. 'खोटा_गुरव.पीएनजी' असं नाव दिलंत तर स्क्रीन शेअर करताना पहिल्या मिनिटाला सगळ्यांना कळेल, 'एनपीसी_३' पुरे.